सर्वश्रेष्ठ आल्बम ठरविणारे पंच कोण?

गाण्यांचा एक आल्बम १९७१ साली बाजारात आला. तो गाणारा कलावंत १९८४ साली मरण पावला. २००३ साली अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने आजवरच्या ५०० सर्वश्रेष्ठ आल्बमांची यादी जाहीर केली, तेव्हा हा आल्बम सहाव्या क्रमांकावर होता. २०१२ साली त्या यादीची डागडुजी झाली, तेव्हाही तो सहावाच राहिला. २०२० साली त्याच नियतकालिकाने नव्याने मतदान घेतले आणि हा आल्बम एकदम पहिल्या क्रमांकावर गेला. या १७ वर्षांत त्या आल्बममधील एक सूर बदलला नव्हता, एक शब्द बदलला नव्हता. गायक हयात नव्हता, म्हणून कोणी त्याच्या प्रचाराला गावोगाव फिरले असेही नाही. मग बदलले काय?

आल्बमचे नाव 'व्हॉट्स गोइंग ऑन'. गायक मार्विन गे, कृष्णवर्णीय अमेरिकन. २००३ च्या यादीत पहिला क्रमांक मिळाला होता तो बीटल्स या ब्रिटिश गटाच्या 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' या १९६७ च्या आल्बमला. २०२० साली तो २४ व्या क्रमांकावर घसरला. झाले! जगभरच्या गोऱ्या संगीतरसिकांत एकच ओरड उठली. गुणवत्ता बुडाली, राजकारण शिरले, मेलेल्याला आरक्षण दिले, असा सारा सूर. हे सूर आपल्या वाचकांना नवे नाहीत. शब्द इंग्रजी होते एवढेच.

काही वाचक विचारतील की सातासमुद्रापलीकडच्या गाण्यांच्या यादीशी आपला काय संबंध? आपले प्रश्न काय थोडे आहेत? प्रश्न रास्त आहे. परंतु 'सर्वश्रेष्ठ' हा शब्द जिथे जिथे वापरला जातो, तिथे तिथे तो कोणी वापरला हे तपासण्याची सवय या वर्तमानपत्राच्या वाचकाला आहे. आणि गाण्यांच्या यादीचा एक मोठा फायदा असा की, तिथे सगळा व्यवहार उघड्यावर असतो. मतदार किती, कोण, क्रमांक काय, हे छापून येते. त्यामुळे 'गुणवत्ता' नावाची वस्तू कशी तयार होते, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

आधी २००३ ची यादी पाहू. मतदार २७३. पहिल्या दहांत बीटल्सचे चार आल्बम, बॉब डिलनचे दोन. उरलेल्या चार जागांवर बीच बॉईज, रोलिंग स्टोन्स, क्लॅश आणि मार्विन गे. म्हणजे दहांत कृष्णवर्णीय एक. स्त्री एकही नाही. जोनी मिचेल या गायिकेचा 'ब्लू' ३० व्या क्रमांकावर होता. पब्लिक एनिमी या रॅप गटाचा १९८८ चा गाजलेला आल्बम ४८ व्या. लॉरिन हिलचा १९९८ चा आल्बम तर तीनशेच्याही पुढे कुठेतरी. २०२० मध्ये मतदार तीनशेहून अधिक झाले. प्रत्येकाने आपापल्या ५० आल्बमांची यादी दिली. मतदारांत या वेळी बियॉन्से, टेलर स्विफ्ट, बिली आयलिश अशा आजच्या कलावंत होत्या. निकाल काय लागला? 'ब्लू' तिसरा. स्टीव्ही वंडरचा 'साँग्ज इन द की ऑफ लाइफ' चौथा. प्रिन्सचा 'पर्पल रेन' आठवा. तीनशेच्या मागे ढकललेली लॉरिन हिल दहावी. पब्लिक एनिमी पंधरावे. एकूण ५०० पैकी १५४ आल्बम असे की, जे आधीच्या कोणत्याही यादीत नव्हते.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली होती. १९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हे नियतकालिक सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक, यान वेनर, अर्धशतक त्याचे सर्वेसर्वा होते. २०१७ साली त्यांनी बहुसंख्य हिस्सा विकला आणि २०१९ साली ते त्यातून बाहेर पडले. नवे मतदान झाले ते त्यांच्यानंतर. या वेनर साहेबांकडे पुढे पुन्हा यायचे आहे. आधी त्या आल्बमकडे जाऊ, कारण तो न पाहताच त्याच्या क्रमांकावर भांडणारे दोन्ही बाजूंना पुष्कळ आहेत.

डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. दक्षिणेतील राज्यांतून पोटासाठी आलेले लाखो कृष्णवर्णीय कामगार तिथल्या कारखान्यांत राबत. १९५९ साली बेरी गॉर्डी या कृष्णवर्णीय तरुणाने घरच्यांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन तिथे एक रेकॉर्ड कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन म्हणून जगप्रसिद्ध झाली. गॉर्डी स्वतः मोटारीच्या कारखान्यात काम केलेला माणूस. गाणेही त्याने मोटारीसारखेच बनवायचे ठरविले. लिहिणारे वेगळे, वाजविणारे वेगळे, गाणारे वेगळे, आणि शेवटी तयार माल तपासणारी बैठक. गोऱ्या पोरांनीही विकत घ्यावा असा हा माल होता. प्रेम, विरह, नाच. राजकारण नको. कंपनी कृष्णवर्णीयाची, पण ग्राहक गोरा हवा, म्हणून ग्राहकाला अस्वस्थ करणारे काही नको, हा तिथला अलिखित नियम. मार्विन गे हा या कंपनीचा देखणा, गुळगुळीत आवाजाचा प्रेमगीत गायक.

१९६७ च्या जुलैत डेट्रॉइट पेटले. पोलिसांच्या एका धाडीवरून सुरू झालेल्या त्या दंगलीत ४३ माणसे मेली. मार्विनचा धाकटा भाऊ फ्रँकी व्हिएतनामच्या युद्धावर गेला होता. परत आल्यावर त्याने जे सांगितले, ते मार्विनच्या मनात घर करून राहिले. ज्या टॅमी टेरेलबरोबर त्याने अनेक युगुलगीते गायिली, ती १९७० च्या मार्चमध्ये मेंदूच्या गाठीने ऐन पंचविशीच्या आत गेली. मार्विनने मंचावर गाणे जवळपास सोडून दिले.

नेमक्या या काळात एक गाणे त्याच्याकडे आले. मोटाउनच्याच 'फोर टॉप्स' गटातील ओबी बेन्सन १९६९ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात बर्कली येथे होता. तिथे पीपल्स पार्कमध्ये जमलेल्या तरुणांवर पोलीस तुटून पडलेले त्याने पाहिले. हे काय चालले आहे, असा प्रश्न त्याला पडला. त्यातून त्याने अल क्लीव्हलंडच्या साथीने एक गाणे रचायला घेतले. त्याच्या स्वतःच्या गटाने ते नाकारले. निषेधाचे गाणे आपल्याला नको, असे त्यांचे म्हणणे. मार्विनने ते घेतले, त्यात स्वतःची भर घातली आणि स्वतःच ध्वनिमुद्रित केले.

गॉर्डीने ते प्रसिद्ध करायला खळखळ केली. हे विकले जाणार नाही आणि तुझे करिअर बुडेल, असा त्याचा हिशेब. मार्विन हटून बसला. हे गाणे येत नाही तोवर दुसरे गाणार नाही. अखेर १९७१ च्या जानेवारीत गाणे बाजारात आले आणि हातोहात खपले. कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिले, सर्वसाधारण यादीत दुसरे. मग मात्र त्याच कंपनीला लगोलग अख्खा आल्बम हवा झाला! मार्चच्या थोड्या दिवसांत बाकीची गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि २१ मे १९७१ रोजी आल्बम आला.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या आल्बमला पहिला विरोध कोणा गोऱ्या संपादकाने केला नाही. तो आपल्याच माणसाने, आपल्याच उभ्या केलेल्या संस्थेत केला. गॉर्डीला खलनायक ठरविणे सोपे आहे. परंतु बाजार गोऱ्यांच्या हाती असताना, कृष्णवर्णीय मालकही गोऱ्या ग्राहकाच्या आवडीचा पहारेकरी कसा होतो, हे त्यातून समजून घेतले पाहिजे. अशी उदाहरणे आपल्या चळवळीत शोधायला फार लांब जावे लागणार नाही. असो.

आल्बम ऐकला नसेल त्याच्यासाठी थोडे सांगतो. युद्धावरून परतलेला एक माणूस आपल्या वस्तीत येतो आणि जे दिसते ते विचारतो, अशी एकंदर कल्पना. बेकारी, गर्द, पोलीस, कर, पोरांचे काय होणार ही चिंता, आणि विषारी झालेली हवा नि पाणी. पर्यावरणावर त्याने तेव्हा गाणे केले, जेव्हा हा विषय वस्तीतल्या माणसाचा आहे असे कोणी मानत नव्हते. कारखान्याचा धूर कोणाच्या खिडकीत जातो, हे डेट्रॉइटच्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती. गाणी एकमेकांत मिसळत जातात, मध्ये थांबत नाहीत. मार्विनचाच आवाज दोन-तीन वेळा एकावर एक मुद्रित केलेला आहे, त्यामुळे एक माणूस स्वतःशीच बोलत आहे आणि त्याच वेळी त्याच्यामागे समुदाय उभा आहे, असे वाटते. आरडाओरडा कुठेच नाही. आवाज मऊ, आणि विचारणे मात्र थेट. मला वाटते, चिडलेल्या आवाजापेक्षा या मऊ आवाजानेच गोऱ्या ऐकणाऱ्याची अडचण जास्त झाली असावी. चिडलेल्याला 'हिंसक' म्हणून बाजूला सारता येते. याला काय म्हणणार?

आणि पुरस्काराचे काय झाले? अमेरिकेत संगीताचा सर्वांत प्रतिष्ठेचा सन्मान म्हणजे ग्रॅमी. १९७२ सालच्या ग्रॅमीत 'वर्षातील सर्वोत्तम आल्बम' या विभागात 'व्हॉट्स गोइंग ऑन'ला साधे नामांकनही मिळाले नाही. जो आल्बम ४८ वर्षांनी आजवरचा सर्वश्रेष्ठ ठरणार होता, तो त्या वर्षीच्या पहिल्या पाचांतही बसला नाही! मार्विन गेला आयुष्यातले पहिले ग्रॅमी मिळाले ते १९८३ साली, एका वेगळ्याच गाण्यासाठी. त्यानंतरच्या वर्षी, १ एप्रिल १९८४ रोजी, घरातल्या भांडणात त्याच्या जन्मदात्यानेच त्याला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी त्याला ४५ वर्षे पूर्ण व्हायची होती.

याचा अर्थ १९७२ चे परीक्षक दुष्ट होते, असा नाही. दुष्टपणा शोधत बसलो की व्यवस्था नजरेतून सुटते. व्यवस्था कशी चालते याचा एक उत्तम पुरावा गाण्यांच्याच जगात आहे, आणि तो मतांचा नसून मोजणीचा आहे.

'बिलबोर्ड' हे नियतकालिक कोणता आल्बम किती खपतो याची दर आठवड्याची यादी छापते. कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीला त्याने १९४९ पर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' म्हणजे सरळसरळ वंशावरून नाव दिले होते. नंतर नाव बदलले, विभागणी राहिली. आणि खपाचे आकडे कसे काढत? १९९१ पर्यंत निवडक दुकानदारांना विचारून. दुकानदार सांगेल ते खरे. या दुकानदाराला वाटे की खरे संगीत म्हणजे रॉक. शिवाय कंपन्यांचे लोक त्याची काळजी घेत असत, ती कशी घेत हे सांगायला नको. १९९१ च्या मे महिन्यात ही पद्धत बंद झाली आणि गल्ल्यावर यंत्राने वाचलेल्या बारकोडवरून मोजणी सुरू झाली. काही आठवड्यांतच, जूनमध्ये, कॅलिफोर्नियातील कॉम्प्टन या वस्तीतून आलेल्या एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा आल्बम देशात पहिल्या क्रमांकावर आला. रेडिओवर तो जवळपास वाजतच नव्हता. लोकांची आवड एका महिन्यात पालटली काय? नाही. ती आधीपासूनच तशी होती. गोऱ्या वस्त्यांतली पोरेसुद्धा तेच विकत घेत होती. मोजणाऱ्याला ते दिसत नव्हते, किंवा दिसूनही लिहावेसे वाटत नव्हते. गरीब गोऱ्या ग्रामीण माणसाचे कंट्री संगीतही त्याच मोजणीत झपाट्याने वर चढले. हेही नोंदवले पाहिजे, कारण दुकानदाराच्या तिरस्कारात वर्गाचाही वाटा होता.

यंत्राला पूर्वग्रह नव्हता, म्हणून मोजणी सुधारली. पण 'श्रेष्ठ' ठरवायला यंत्र चालत नाही. तिथे माणसेच लागतात. खपावरच श्रेष्ठता ठरवायची म्हटले, तर अमेरिकेत सर्वाधिक खपाचा मान २०१८ पासून ईगल्स या गटाच्या निवडक गाण्यांच्या जुन्या संग्रहाकडे आहे. तीन कोटी ८० लाख प्रतींचे प्रमाणपत्र त्याला मिळाले आणि मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' मागे पडला. तरीही तो संग्रह आजवरचा सर्वश्रेष्ठ आल्बम आहे, असे खुद्द ईगल्सचे चाहतेही छातीठोकपणे म्हणणार नाहीत. म्हणून पंच लागतात. आणि पंच लागले की पंच कोण, हा प्रश्न आलाच.

आता वेनर साहेब. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी आपल्या जुन्या मुलाखतींचे एक पुस्तक काढले. नाव 'द मास्टर्स'. सात संगीतकार, सातही गोरे पुरुष. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या मुलाखतकाराने विचारले की यात एकही स्त्री नाही, एकही कृष्णवर्णीय नाही, असे का? वेनर यांच्या उत्तराचा आशय असा होता की, त्या बौद्धिक पातळीवर मांडणी करू शकेल असे त्यांच्यात कोणी नव्हते. आणि कृष्णवर्णीयांची नावे घेताना त्यांनी कोणाचे नाव घ्यावे? मार्विन गे! तो त्या पातळीवर व्यक्त होत नव्हता म्हणे. या मुलाखतीनंतर एका दिवसात, ज्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'च्या स्थापनेत त्यांचा हात होता, त्याच संस्थेच्या संचालक मंडळावरून त्यांना काढण्यात आले. त्यांनी माफीही मागितली.

माफी मागितली, विषय संपला, असे पुष्कळांनी म्हटले. मला तसे वाटत नाही. एका म्हाताऱ्या माणसाची जीभ घसरली, एवढाच तो प्रसंग असता तर या स्तंभात त्याला जागा दिली नसती. ज्या माणसाने पन्नास वर्षे ठरवले की मुखपृष्ठावर कोण येणार, कोणाची मुलाखत चार पानांची आणि कोणाची चार ओळींची, कोणाला 'कलावंत' म्हणायचे आणि कोणाला नुसता 'गायक', त्याच्या मनातली कसोटी त्या दिवशी बाहेर आली. युद्ध, पोलीस, बेकारी आणि पर्यावरण यांवर ज्याने सलग एक आल्बम रचला, तो 'मांडणी करू शकत नाही'? मांडणी म्हणजे काय? आमच्याशी, आमच्या भाषेत, आमच्या दिवाणखान्यात बसून बोलणे, म्हणजे मांडणी! 'सांस्कृतिक पातळी', 'भाषेचा दर्जा', 'अभिव्यक्तीची प्रगल्भता' हे शब्द आपल्याकडे मुलाखतीच्या टेबलापलीकडून ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना याचा अर्थ फोडून सांगायला नको.

२०२० च्या यादीवर आक्षेप घेणाऱ्यांचा मुख्य मुद्दा असा की, मतदार बदलून निकाल बदलला, म्हणून तो निकाल खोटा. पण मग २००३ चा निकाल कोणत्या मतदारांनी दिला होता? तेव्हा पहिल्या दहांत एकच कृष्णवर्णीय आणि एकही स्त्री नाही, या निकालाला कोणी राजकारण म्हटले नाही. तो निखळ रसिकतेचा कौल होता म्हणे. मतदार विस्तारला की राजकारण, आणि मूठभर असला की रसिकता? दुसरीकडे, नव्या यादीवर खूश असणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बीटल्स यादीतून हद्दपार झालेले नाहीत. त्यांचा 'ॲबी रोड' पाचवा आहे. डिलन नववा आहे. मतदार वाढवल्याने कोणाचे काही हिरावले गेले नाही. पूर्वी एकाच घरातल्या चार जणांना पानावर बसवले होते, आता पंगतीत इतरही आले. 'सार्जंट पेपर्स' हा आल्बम मला स्वतःला आवडतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीलाच वाद्य बनवण्याची किमया त्यात आहे. ज्यांना तो २४ वा वाटत नाही, त्यांच्याशी माझे भांडण नाही.

यानंतर २०२४ च्या मे महिन्यात 'ॲपल म्युझिक'ने आपली १०० आल्बमांची यादी काढली. पहिला क्रमांक लॉरिन हिलच्या 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'ला. पहिल्या दहांत सात कृष्णवर्णीय कलावंत. आणि 'व्हॉट्स गोइंग ऑन'? पहिल्या दहांतसुद्धा नाही. म्हणजे 'आजवरचा सर्वश्रेष्ठ' चार वर्षांतच बदलला. ॲपल ही महिन्याचे पैसे घेऊन गाणी ऐकवणारी कंपनी आहे, तिला तरुण ग्राहक हवा आहे, हेही विसरू नये. बेरी गॉर्डीला १९७१ साली जो हिशेब होता, तोच हिशेब आज उलट्या दिशेने चालतो. एवढाच काय तो फरक.

परंतु लॉरिन हिलचा आल्बम ऐकण्यासारखा आहे आणि त्याचे नावही समजून घेण्यासारखे आहे. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९३३ साली 'द मिस-एज्युकेशन ऑफ द निग्रो' हे पुस्तक लिहिले. शाळेत जाऊन आलेला कृष्णवर्णीय स्वतःलाच हीन मानायला कसा शिकतो, याची ती चिकित्सा होती. शिक्षण मिळाले म्हणजे प्रश्न सुटला असे नाही, कोणते शिक्षण मिळाले ते पाहा, असे वुडसन यांचे म्हणणे. २३ वर्षांच्या मुलीने आपल्या पहिल्याच एकल आल्बमला त्या पुस्तकावरून नाव दिले. १९९९ साली ग्रॅमीचा 'वर्षातील सर्वोत्तम आल्बम' हा मान तिला मिळाला. हिपहॉप आल्बमला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

त्यानंतर कृष्णवर्णीय स्त्रीला तो मान पुन्हा केव्हा मिळाला? २०२५ साली. बियॉन्सेला, 'काउबॉय कार्टर'साठी. मध्ये २६ वर्षे गेली. बियॉन्से २०२३ पासूनच इतिहासात सर्वाधिक ग्रॅमी मिळवणारी कलावंत होती, तरीही हा एक मान तिला चार वेळा हुकला होता. छोट्या विभागांत भरभरून द्यायचे, तुमच्या तुमच्या प्रकारात तुम्हीच श्रेष्ठ म्हणायचे, आणि जिथे सगळ्यांशी तुलना होते तिथे दार लावायचे, ही पद्धत. ग्रॅमीत कित्येक वर्षे गुप्त समित्या नामांकने ठरवत असत. २०२० साली 'द वीकंड' या कृष्णवर्णीय गायकाच्या तुफान गाजलेल्या आल्बमला एकही नामांकन मिळाले नाही, तेव्हा त्याने बहिष्कार पुकारला. २०२१ साली त्या गुप्त समित्या रद्द झाल्या. त्या रद्द झाल्या म्हणून लगेच न्याय अवतरला असे नाही. २०२३ साली बियॉन्सेचे पारडे पुन्हा हलकेच ठरले होते. पण निदान दाराआड कोण बसले आहे, हा प्रश्न विचारण्याची गरज उरली नाही.

लॉरिन हिलच्या कहाणीत दुसरीही बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नाही. ज्या चार तरुण संगीतकारांनी तिच्याबरोबर तो आल्बम घडवला, त्यांनी १९९८ सालीच न्यायालयात दावा लावला. गीतकार-संगीतकार म्हणून आमचे श्रेय दिले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २००१ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली. तेही कृष्णवर्णीय, तीही कृष्णवर्णीय. यादीत एकच नाव येते. त्या नावामागे किती हात असतात, हे कोणती यादी सांगते?

मोटाउनचे वादक म्हणजे 'फंक ब्रदर्स'. या मंडळींनी तळघरासारख्या स्टुडिओत बसून शेकडो लोकप्रिय गाणी वाजवली. रोजंदारीवर. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचे नाव नसे. जगभर पोरे त्यांच्या तालावर नाचत होती, आणि हे कोण, हे कोणाला ठाऊक नव्हते.

ज्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निग्रोंच्या निवेदनाच्या प्रती मागवल्या, त्यांनी १९०३ च्या आपल्या पुस्तकात एक विलक्षण गोष्ट केली होती. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर त्यांनी गुलामांच्या शोकगीतांच्या सुरावटी छापल्या. शेवटचे प्रकरण तर त्या गीतांवरच लिहिले. अमेरिकेचे म्हणावे असे अस्सल संगीत कोणते असेल तर ते हेच, असे त्यांनी ठामपणे मांडले. तेव्हा ना ग्रॅमी होते ना 'रोलिंग स्टोन'. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने ब्लॅक पँथरचे नाव घेतले. गाण्यांचे मात्र आपण फारसे काही घेतले नाही, असे मला वाटते. आपल्याकडे गाण्यांची उणीव नव्हती हे खरे. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर दरवर्षी कॅसेटी विकल्या जात, मग सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. त्या किती खपल्या, याची मोजणी कोणत्या दुकानदाराने कोणाला फोनवर सांगितली?

माझे मत कोणी विचारले नाही, तरी देतो. माझ्या कागदावर 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला. कारण गाणी आहेतच, पण दुसरेही एक कारण आहे. मोटाउनच्या आल्बमच्या वेष्टनावर वाजवणाऱ्यांची नावे प्रथम छापली गेली ती याच वेळी. त्यात जेम्स जेमरसन याचे नाव आहे. बास गिटार वाजवणारा हा अवलिया. त्या शीर्षकगीताच्या रात्री तो इतका झिंगला होता की त्याला बसवेना, म्हणून जमिनीवर पडल्या पडल्या त्याने वाजवले, असे सांगतात. १९८३ साली तो गेला, तेव्हा फारच थोड्यांना ठाऊक होते की हा कोण. त्याच्या बायकोमुलांकडे त्याचे नाव छापलेली निदान ही एक रेकॉर्ड होती.